प्रयत्न अपुरा

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दिवसभर एकच आरडाओरडा चालायचा. "फुंका! फुंका! अजून, अजून... सोडू नका!" बाहेर बाकावर बसलेल्या नव्या माणसाला वाटावं, आत कुणाची तरी खरडपट्टी निघते आहे. फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या त्या बाईला सगळे फुंकाताई म्हणत, अगदी छातीच्या डॉक्टरीणबाईसुद्धा. तिलाही ते आवडायचं. आवाज खणखणीत, जीभ तिखट, आणि आपलं कधी चुकत नाही ही खात्री त्याहून खणखणीत.

काम तसं नाजूक. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास, आणि मग एका दमात सगळी हवा बाहेर. पडद्यावर रेघ उमटते. माणसानं जीव लावून फुंकलं, तर ती सुरुवातीलाच टोकदार वर उठते. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर सरळ उतरते. आकसलेल्या असतील तर उतरताना मध्येच आत खचते, कारण हवेला बाहेर यायला वाट मिळत नाही. आळसानं फुंकणाऱ्याला टोकच येत नाही, नुसती बुटकी टेकडी दिसते. समोरचा खरंच जोर लावतोय की नाही, हे त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. म्हणून फुंकाताईनं अहवालाखाली "प्रयत्न अपुरा" लिहिलं, की डॉक्टरीणबाई त्या रेघेच्या वाटेला जात नसत.

तिचे बाबा काचकाम करायचे. प्रयोगशाळेतले चंबू, नळ्या, वळणावळणाची पात्रं, सगळं ज्योतीवर धरून तोंडानं फुंकलेलं. "आमच्या बाबांची फुप्फुसं म्हणजे भाता," असं ती येताजाता सांगायची. हा भाता हल्ली जिन्यात मध्येच टेकतो, असं आईनं पुन्हा पुन्हा सांगितल्यावर ती कुरकुरत त्यांना आपल्या खोलीत घेऊन आली.

"भरा छाती. हं, फुंका! बाबा, फुंका! अहो, हा चंबू नाही. हळूहळू काय फुगवताय?"

बाबांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. चेहरा जांभळा पडला होता. त्यांनी पुन्हा फुंकलं, मग आणखी एकदा. रेघ दर वेळी तशीच: वर जायची आणि खचायची.

"सवय जात नाही माणसाची," ती हसली. "सावकाश फुंकायचं, काच फुटेल म्हणून. इथं दणका द्यायचा असतो!"

बाबा धापा टाकत हसले. "काचेला धाक दाखवून चालत नाही गं. आता दुसरं काही येतच नाही मला."

टोक होतं. स्वच्छ, सरळ, तिन्ही वेळा. दुसऱ्या कुणाचा बाप असता, तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं. पण भात्याला काही झालंय, हे तिला मानायचंच नव्हतं. तिनं खचलेला भाग पाहिला, टोक पाहिलंच नाही, आणि नेहमीचे दोन शब्द टाइप केले.

डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं औषध दिलं. बाबा पुन्हा ज्योतीपुढे, धुरात आणि धगीत जाऊन बसले. थंडी सरता सरता ताप आला, छाती भरली, आणि त्यांना निळ्या ओठांनी आणावं लागलं ते तिच्याच रुग्णालयात. तोंडावर ऑक्सिजन लावून ते बसून झोपायचे. आडवं झालं की दम लागायचा.

बाबांना बरं वाटू लागल्यावर एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून जुनी रेघ पडद्यावर लावली. "हे टोक बघ. अपुरा प्रयत्न असा दिसतो?"

"नाही," ती म्हणाली.

"तेव्हाच औषध सुरू झालं असतं, काम थांबवलं असतं, तर बरंच वाचलं असतं. गेलेलं परत येत नाही, हे तुला मी काय सांगू." त्या एवढंच बोलल्या. त्यांनी चांगलं झापलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

खाली आई डबा घेऊन बसली होती. सहज बोलावं तशी म्हणाली, "तुझ्याकडून आल्यापासून हे रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून फुंकायचे. पुढच्या वेळी लेकीची मान खाली जायला नको म्हणून. आधी टेबलाच्या त्या टोकाला ठेवायचे. विझेना, मग अलीकडे ओढायचे. शेवटी शेवटी तर नाकासमोर धरायचे. मी चिडायचे, म्हटलं, एवढंसं जमत नाही तुम्हाला?"

फुंकाताईला शरमेनं वर बघवेना. डबा तिच्याकडून उघडलाच गेला नाही.

घरी सोडण्याआधी पुन्हा तपासणी ठरली. बाबा त्याच खुर्चीत बसले. तिनं चिमटा लावला, नळी दिली आणि हलकेच म्हणाली, "फुंका." बाबांनी नळी बाजूला केली.

"ओरड की. तू ओरडल्याशिवाय मला जोर येत नाही."

ती ओरडली. डोळे भरून आले तरी ओरडत राहिली. या वेळी तिनं पडद्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या मानेकडे पाहिलं. फुंकून झाल्यावर बाबा बराच वेळ खुर्चीच्या दांड्या धरून होते.

मग त्यांनी विचारलं, "या वेळी जमलं ना गं? मागच्या वेळी मी नीट फुंकलं असतं, तर तुझ्या बाईंना तेव्हाच कळलं असतं. माझंच चुकलं."

हो म्हणून सुटता आलं असतं. तिनं खाली बसून त्यांच्या नाकावरचा चिमटा काढला.

"बाबा, मागच्या वेळीही तुम्ही नीटच फुंकलं होतं. सगळा जोर लावला होता. मला समोर दिसत होतं आणि मी बघितलं नाही. चूक माझी आहे. तुमचं दुखणं माझ्यामुळे वाढलं."

बाबांनी विचारलं, "म्हणजे ती मेणबत्ती..."

"ती विझणारच नव्हती."

"आणि मला वाटलं," ते थांबत थांबत म्हणाले, "जन्मभर फुंकून पोट भरलं, आणि आता मी फुंकायलाच विसरलो."

तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला नाही. ते नुसते श्वास सोडत राहिले, आणि एकेक श्वास सोडायला त्यांना किती जोर लावावा लागतोय, ते तिला ऐकू येत होतं.