तिच्या तोंडचं वाक्य

नायक छातीत बाण घेऊन मरत होता आणि ताई हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते. पुढच्या रांगेतल्या बाईने रुमालातून डोकं वर काढून मागे रागाने पाहिलं. शेजारी बसलेल्या तिच्या भावाने, पाटीवाल्याने, तिला कोपराने ढोसलं.

"काय म्हणतोय तो?"

मुंग्या चावतायत म्हणतोय, ताईने बोटांनी सांगितलं. लवकर उरका म्हणतोय.

पडद्यावर संवादाची पाटी आली : 'प्रिये, आता भेट स्वर्गातच!' ही पाटी त्यानेच रंगवली होती. मुक्या चित्रपटात नटांनी तोंडाने वाटेल ते बडबडावं आणि पाटीवाल्याने त्याचं सोनं करावं, अशी धंद्याची रीत. खरं काय चाललंय ते अख्ख्या थिएटरात एकट्या ताईला कळे. लहानपणी तापात तिचे कान गेले, कानांपाठोपाठ बोलणंही गेलं, आणि तेव्हापासून ती जगाचे ओठ वाचत आली होती.

मग राणी नायकावर ओणवी झाली, काहीतरी बोलली, आणि ताईचे खांदे थांबले. तिने भावाचं मनगट नखं रुतेपर्यंत धरलं.

डब्यात श्वास पुरत नाही म्हणतेय. कुणीतरी सोडवा मला म्हणतेय. मागच्या चित्रपटातही हेच म्हणत होती. मला वाटलं, गोष्टीतलंच असेल.

ते गोष्टीतलं नव्हतं, हे पाटीवाल्याला चांगलं ठाऊक होतं. कंपनीच्या मालकाला जादू येत होती. चित्रीकरण संपलं की तो टाळी वाजवी आणि नटमंडळी रिळांच्या डब्यांत जाऊन बसत. राहण्याजेवण्याचा प्रश्नच मिटला. गर्दीतली दोनशे माणसं एका डब्यात मावत. घोड्यांना मात्र वेगळा डबा, कारण ते लाथा झाडत. कंपनीत एक खराखुरा राक्षसही होता, पण पडद्यावर तो खोटा दिसतो म्हणून दिग्दर्शक त्याला पुठ्ठ्याची शिंगं लावी. हे सगळं हसण्यावारी न्यायची पाटीवाल्याला सवय झाली होती. राणीचं मात्र तसं नेता येईना. दर खेपेला डब्यातून ती आधीपेक्षा विरळ होऊन बाहेर येई. परवा तर तिच्या खांद्यातून मागची खिडकी दिसली. रंगभूषाकाराने पावडरचा आणखी एक थर चढवला आणि विषय संपला. आता एखादा चित्रपट, फार तर दोन. मग डबा उघडला तरी आत कुणी नसणार.

दुसऱ्या दिवशी तो मालकासमोर जाऊन उभा राहिला. मालक जेवत होता.

"मालक, राणीला थोडे दिवस बाहेर राहू द्या. विरळ होतेय ती."

"बाहेर राहिली की आजारी पडतात, लग्नं करतात. डब्यात कशी ताजी राहते."

"राहत नाहीये, मालक."

"मी काय राक्षस आहे का? राक्षस तो तिकडे, शिंगं चिकटवत बसलाय." मालकाने हात पुसले आणि कपाटातला करार त्याच्यापुढे टाकला. "वाच. भर खेळात एका जरी प्रेक्षकाने 'सोडा तिला' म्हटलं, तर त्याच क्षणी मोकळी. ही अट घातल्याशिवाय मंत्रच चालत नाही. वीस वर्षांत म्हटलंय कुणी?"

"त्यांना माहीतच कुठंय?"

"नाहीये तेच बरंय. जा, पाट्या सुकल्या नसतील अजून."

नव्या चित्रपटात राणी किल्ल्यात कोंडलेली होती. तिथे तिच्या तोंडी प्रेमाच्या आणाभाका घालायच्या होत्या. पाटीवाल्याने दार लावून घेतलं आणि तिथे तिचं स्वतःचं वाक्य रंगवलं. 'श्वास' त्याने तीनदा पुसून पुन्हा रंगवला.

स्वतःच थिएटरात ओरडावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण मालक मागच्या खुर्चीत बसलेला असणार. नोकरी तर जाईलच, वर आपलीच रवानगी डब्यात व्हायची. पाचशे माणसं असतात, त्याने स्वतःला समजावलं, एखादा तरी म्हणेलच.

शनिवारी दुपारी पहिला खेळ लागला. राणी गजांना धरून बोलली. आता तिच्यातून गज दिसत होते. मग पाटी आली : 'डब्यात श्वास पुरत नाही. कुणीतरी सोडवा मला.' पियानोवाल्याचे हात हवेतच राहिले.

बाल्कनीतून एक टाळी वाजली. मग शिट्टी. मग लोक खुर्च्यांवर चढले आणि 'पुन्हा, पुन्हा' असा एकच गलका झाला. यंत्रवाल्याने रीळ मागे घेतलं. राणीने पुन्हा गज धरले, पुन्हा विनवलं, आणि टाळ्या आधीपेक्षा मोठ्या झाल्या. असं तीनदा झालं. खेळ सुटल्यावर मालकाने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली.

"काय लिहिलंस रे! आता दर चित्रपटात हिच्या तोंडी असं एक हवंच."

ताई बाजूच्या बोळात पायरीवर बसली होती. तो धावतच तिच्याकडे गेला.

"कुणी म्हणालं? तू बघत होतीस ना? हळूच, पुटपुटत तरी?"

कराराची अट त्याने ताईला आधीच सांगितली होती, म्हणून तिने पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. भिंतीला टेकून, पडद्याच्या उजेडात, ती रांगेमागून रांग तोंडं वाचत गेली होती.

वा म्हणाले, तिची बोटं सांगू लागली. पुन्हा म्हणाले. एक जण बायकोला माझ्या पायावरचा पाय काढ म्हणाला.

"बस?"

तुझ्याही तोंडाकडे बघितलं.

तो पायरीवर तिच्या शेजारी बसला.

तू वा म्हणालास. दोनदा.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला आठवलं. दोन्ही बाजूंनी पाठीवर थापा पडत होत्या, छाती भरून आली होती, आणि हे वाक्य आपलंच आहे असं त्याला घटकाभर खरोखर वाटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"पुढच्या खेळाला मी म्हणतो," तो म्हणाला. "तुझी शपथ, ताई."

ताईने त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. त्याचा हात घेतला आणि तळवा आपल्या गळ्यावर दाबून ठेवला. मग तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि आतून काहीतरी खरडत बाहेर आलं. बोळातून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला.

'सोडा तिला' आलं?

हो म्हणावं, असं त्याला फार वाटलं. थिएटरच्या दाराशी दुसऱ्या खेळाची रांग आत सरकू लागली होती.

"नाही," तो म्हणाला. "पुन्हा म्हण."