झाड काही पडेना

"आवाज बदललाय," असे म्हणून ह्यांनी लाकडी हातोडी माझ्या काउंटरवर, धुतलेल्या कपांच्या शेजारीच ठेवली.

पहिली बस यायला अर्धा तास होता. मी चहाचे आधण ठेवत होते. कसला आवाज, हे विचारायची गरज नव्हती. आमचे हे जंगलवाटेचे रखवालदार. दर सोमवारी मोठ्या झाडाच्या बुंध्याला बारा ठिकाणी हातोडीने ठोकून कान लावायचे, माठ घेताना आपण वाजवून बघतो तसे. एकोणीस वर्षे ते झाड ठणठणीत होते. नवऱ्याने माझ्या तब्येतीची इतकी चौकशी कधी केली नाही, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

"किती ठिकाणी?" मी विचारले.

"सात. समुद्राकडच्या बाजूला तर ढोलासारखं वाजतंय."

रस्त्यावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवले होते, 'एका दिवसात तीन चमत्कार'. आधी हजार वर्षांचे झाड, मग त्याच वाटेने धबधबा, आणि खाली किनाऱ्यावर उतरलात की समुद्रातली गुहा. त्या गुहेत माझा धाकटा भाऊ होडीने माणसे फिरवायचा. वाट एकच, आणि ती झाडाच्या मुळांवरूनच जायची. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी, वळसा घालायला जागा नाही. वाटेच्या तोंडाशी आम्हा सगळ्यांची मिळून अकरा दुकाने. आमच्या चुली त्या वाटेवर पेटायच्या.

तेव्हा मी काय बोलले ते आजवर कुणाला सांगितलेले नाही. मी म्हटले, "मग आज नका सांगू. सुट्ट्यांचे दिवस आहेत. गर्दी ओसरू दे."

ह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की चमच्यातली साखर मी परत डब्यात टाकली.

"अगं, त्या मुळांवर बसून बायका पोरं मांडीवर घेऊन फोटो काढतात," एवढेच म्हणाले आणि ऑफिसला फोन करायला बाहेर गेले. त्या दिवशी तिन्ही बसमधली माणसे ह्यांनी वाटेत आडवे उभे राहून परत पाठवली. शिव्या खाल्ल्या, पण हलले नाहीत.

चौथ्या दिवशी साहेब आले, यंत्र आले. यंत्रानेही तेच सांगितले. झाड आतून पोकळ आहे, कधीही पडेल. ते तोडायला वरून परवानगी मिळेना, आणि मिळाली तरी दरीच्या काठावर एवढे धूड पाडणार कसे? तेव्हा असे ठरले, की झाड आपोआप पडेल तेव्हा वाट मोकळी करू, तोवर काटेरी तार. 'कधीही' हा शब्द साहेबांनी कागदावर लिहिला आणि ते निघून गेले. त्या शब्दाला काय, तो दहा मिनिटांनाही पुरतो आणि शंभर वर्षांनाही.

पहिला महिनाभर लोक ह्यांचा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमच्यामुळे वाचलो हो!" तिसऱ्या महिन्यात विचारायला लागले, "पडलं का?" पुढे पुढे तो आमच्याकडचा रामरामच झाला. केशकर्तनालयात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे हे दिसतील तिथे, "काय, पडलं का?" बस किनाऱ्याने चाळीस किलोमीटर पुढच्या दुसऱ्या एका धबधब्याकडे जायला लागल्या. अकरा दुकानांतली चार उरली.

वर्षभराने भावाने होडी विकली. विकून आला तो सरळ आमच्या स्वयंपाकघरात.

"भाऊजी, अजून उभंच आहे हो तुमचं झाड."

"पडेल," हे म्हणाले.

"कधी? माझ्या म्हातारपणी? एका ठोक्यावर सगळ्यांना घरी बसवलंत!"

"सात ठोक्यांवर."

चेष्टा करायचा ह्यांचा स्वभाव नाही. आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला इतकेच. पण भाऊ ताडकन उठला. "ताई, तू तरी सांग ह्यांना काहीतरी!"

मी ताटे विसळत राहिले. भावाला चार शब्द सुनावता आले असते, पण ह्यांची बाजू घ्यायला माझे तोंड उघडेना, आणि ते ह्यांच्या लक्षात आले. त्या दिवसापासून जेवताना ह्यांची मान ताटातून वर यायची नाही. मलाही ह्यांच्याशी बोलवत नव्हते. एकाच घरात आम्ही भाडेकरूंसारखे वागत होतो.

दुसऱ्या वर्षी वादळ आले. तीन दिवस वारा नुसता पिसाळला होता. शाळेचे पत्रे उडाले, डोंगरावरची धडधाकट झाडे पटापट आडवी झाली. कुठे कडाड असा आवाज झाला की आम्ही दोघे एकमेकांकडे बघायचो. खोटे कशाला बोलू, मी देवाजवळ तेच मागत होते. ते झाड पडू दे. माझ्या माणसाचे खरे होऊ दे. असले मागणे तोंडात यावे याचा मला संताप येत होता, तरी मागत होते.

चौथ्या दिवशी सकाळी वारा थांबला. हे चहाचा कप तसाच ठेवून बाहेर पडले. तासभर वाट पाहून मीही निघाले. तारेखालून जाताना बाही अडकून फाटली. वाटेवर फांद्यांचा खच पडला होता, कुठेकुठे कमरेपर्यंत. वळणावरून झाड दिसले. उभे. एक मोठी फांदीसुद्धा तुटली नव्हती. पडलेले झाड बघून लोकांच्या काळजात धस्स होते, माझ्या ते उभे बघून झाले.

मग हे दिसले. मुळांवर कुणी नाव कोरताना सापडला तर अंगावर धावून जाणारा हा माणूस, दोन्ही तळवे बुंध्याला टेकवून, खांदा लावून ते झाड ढकलत होता. पाय चिखलात घसरत होते. टाचा रोवून पुन्हा ढकलत होता. नुसता कण्हत होता.

वेड लागलं का, असे ओरडायला हवे होते. मला रडूच आले. मी मुळे ओलांडून गेले आणि ह्यांच्या हातांशेजारी माझे हात टेकवले. ह्यांनी वळून पाहिले नाही, पण थोडे सरकून मला जागा केली. आम्ही दोघांनी जोर लावला. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, एका गोष्टीसाठी दोघांनी मिळून इतका जोर कधी लावला नसेल. साल ओली होती, गार होती. झाड जागचे हलले नाही.

दम लागला तेव्हा हे थांबले. कपाळ बुंध्याला टेकवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग शर्टाला हात पुसले, वर फांद्यांकडे पाहिले आणि माझा दंड घट्ट धरला.

"चल इथून," हे म्हणाले. "असं खाली उभं राहू नये. आतून पोकळ आहे ते."