बायाक्काची वाट

"बाई, तुम्ही ल्हान असताना कधी शाळेला उशिरा गेलतासा काय?"

असं विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि सत्यवतीनं भर वर्गात ताठ उभं राहून विचारून टाकलं. मागं खसखस पिकली. गेल्या वर्षीची सत्यवती असती तर बाकाखाली दडली असती. पण यंदा भाषणात पहिली आल्यापासून तिचे पाय जमिनीला टेकतच नव्हते.

मालुबाई रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत हसल्या. "रोज जात होते. घरातनं वेळेत निघायची गं, वाटेत हरवायची."

वाटेत! हे कसं आपल्या डोक्यात आलं नाही?

सत्यवतीची धाकटी बहीण बायाक्का रोज शाळेला उशिरा पोचायची. पोरीचं नाव काढून टाकू, असा मास्तरांनी निरोप धाडला होता. आप्पा मागावर धोटा मारता मारताच म्हणाले होते, "शाळा झेपत न्हाय हिला. सोमवारपासनं घरात सुताच्या कांड्या भरू दे."

त्या दिवसापासून सत्यवतीनं कंबर कसली. संध्याकाळीच पाटी कोळशानं घासून ठेवायची, पेन्सिल दोऱ्यानं पिशवीला बांधायची, परकर घडी करून उशाशी. पहाटे कॅम्पात गोऱ्या पलटणीचा बिगुल वाजला की बायाक्काच्या वेण्या घालायच्या. पोरगी उजाडता उजाडता घराबाहेर, आणि तरीही उशीर! "करणी केलीया कुणीतरी," आई म्हणायची.

शनिवारी स्वतःच्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा सत्यवती हळूच बहिणीच्या मागं निघाली.

शहापूरची ती गल्ली अजून धुक्यात होती. बांबूच्या कैच्यांवर साड्यांचे ताणे, विणण्याआधीचे लांबच लांब उभे धागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले. जांभळा, मग अंजिरी, मग हिरवा. खळीचा ओला आंबूस वास, आणि धाग्यांवर हलणारा उजेड. बायाक्का त्या रंगांच्या कडेकडेनं, पाण्यातून चालावं तशी चालली होती. मधेच थांबली. दोन इवल्या बोटांनी काहीतरी उचललं, पीळ दिला, पुढं गेली. परत थांबली.

"बाया, काय करतीस गं?"

"तुटलाय की, आक्का."

"अगं, ह्यो भरमूकाकांचा ताणा. आपला न्हवं."

"मग काय झालं? आप्पांनीच सांगितलंय, तुटका धागा दिसला की सांधल्याबिगर पुढं जायचं न्हाय."

खरंच होतं. या गल्लीतल्या पोरांना नीट बोलता येण्याआधी हेच शिकवतात.

खळीचा कुंचा हातात घेऊन भरमूकाका आले. "लई गुणाची बोटं हाईत हिची! ही आल्याबिगर आमचं पान हलत न्हाय."

"आन् हिची शाळा, काका?"

"शाळा व्हय?" काकांनी डोकं खाजवलं. "त्ये न्हाय बा आलं ध्यानात."

बायाक्कानं आक्काचा हात ओढला. "ही नदी हाय, आक्का. हितं आलं की घंटा ऐकू येत न्हाय मला."

सत्यवती हसली. तेवढ्यात तिला एक अंजिरी धागा लोंबताना दिसला. वाकून तिनं तो सांधला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचा. बोटं ओली झाली, धुकं रंगीत झालं, कुठंतरी लांब, पाण्याच्या तळातून यावी तशी घंटा वाजली आणि विरून गेली. दोघींनीही मान वर केली नाही.

सत्यवती भानावर आली तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. बायाक्का रडवेली झाली. "आता नाव काढत्यात माझं?"

सत्यवतीनं तिला कडेवर घेतलं, आधी मास्तरांकडं नेऊन सगळं सांगितलं, वर्गात बसवलं, आणि तडक घर गाठलं. आप्पा मागावर, आई रहाटाशी.

"आप्पा, धोटा थांबवा जरा."

आप्पांनी चकित होऊन थांबवला. घरात असं कुणी बोलत नसे.

"बायाला उशीर हुतोय त्यो तुमच्या शिकवणीपायी. गल्लीभरचे धागे सांधत जाती ती. तवा ती कांड्या भरणार न्हाय, शाळेलाच जाणार. सोमवारपासनं मागच्या बोळातनं धाडणार मी तिला. माझी शाळा अकराला भरती, तवर गल्लीतले तुटके धागे मी सांधीन. रविवारी तिची नदी तिला. मी ठरवलंय."