गुडघ्यांचा दगड

गावाचा इतिहास लिहायचं काम नेहमी अशा माणसाकडे जातं, ज्याने गावात कधी घाम गाळलेला नसतो. आमच्याकडे ते निवृत्त हेडमास्तरांकडे गेलं. ते गावसमितीचे अध्यक्षही. रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पाट्या रंगवणारा मी एकटा. शाळा मी चौथीत सोडली. अक्षरं शिकलो ती दुकानांच्या पाट्या पुसून आणि परत लिहून. माझ्या शुद्धलेखनाला नावं ठेवणाऱ्याने आधी एक सरळ रेघ मारून दाखवावी.

पर्यटन खात्याचा माणूस सांगून गेला होता, पाच प्रेक्षणीय स्थळं दाखवा, मग सहलीची बस थांबेल. आमच्याकडे चार होती. दगडी पूल, बंद पडलेली पाणचक्की, टेकडीवरचा अर्धा बुरूज आणि तीन माणसं आत मावतील असं एक पोकळ झाड. पाचव्यासाठी मास्तर आठवडाभर डोकं खाजवत होते.

मी पाटी खालून वर रंगवतो. वरून सुरू केलं की शेवटी जागा पुरत नाही आणि अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसतात. म्हणून पाचव्या स्थळाच्या पाटीची शेवटची ओळ मी आधी मागून घेतली. मास्तरांनी चिठ्ठी दिली, 'दगडावर धुणे धुण्यास सक्त मनाई.' लाल रंगात, ठसठशीत लिहून टाकली. कुठला दगड, विचारलंही नाही. आमच्या धंद्याची खोडच ही, अक्षर दिसतं, अर्थ दिसत नाही.

दोन दिवसांनी मधला मजकूर आला. 'नदीकाठच्या या दगडावर राजाने गुडघे टेकून जलप्राशन केले. त्या खुणा आजही दिसतात.'

ब्रश हातातच राहिला. तो दगड माझ्या आत्याचा. पासष्ट वर्षं ती त्यावर गुडघे टेकून दवाखान्याच्या चादरी धुते. बाकीचा काठ सगळा चिखल. दगड गेला की चादरी गेल्या आणि चादरी गेल्या की तिची चूल विझली. आणि ही मनाई तिच्या सख्ख्या भाच्याने लिहिली होती.

तसाच रंगाच्या हाताने मास्तरांच्या ऑफिसात गेलो. टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार कपबशा.

"मास्तर, एकदा पाणी पिऊन दगडाला खड्डे पडतात? राजा होता की पहार?"

"आख्यायिका आहे, पेंटर. लोकांना आवडते."

"कुणी सांगितली?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "मीच."

"मग आत्याने चादरी कुठे धुवायच्या?"

"समितीचा ठराव झालाय. पाहुणे फोटो काढणार, तिथे साबणाचा फेस बरा दिसतो का?"

"चला, तिलाच सांगा."

नदीवर आत्या कोपरापर्यंत फेसात होती. मी सगळं सांगितलं, लाल ओळ माझ्याच हातची, हेसुद्धा. ती ओरडली नाही. हातातली चादर पिळून बाजूला ठेवली.

"अक्षरं चांगली आली का रे?"

"आली."

"मग झालं तर. पोटावर पाय दिलास, पण सुबक दिलास."

मग मास्तरांकडे वळली. मास्तर साठीचे, पण तिच्यासाठी पोरच. "ये रे, टेक गुडघे."

"मावशी, माझे गुडघे धरलेत."

"राजाचे नव्हते धरले?"

मास्तरांनी विजार वर केली आणि कसेबसे वाकले. आत्याच्या रुंद खळग्यांतून त्यांचे हडकुळे गुडघे घसरले.

"तिथं नको. शेजारच्या खळग्यांत टेक."

शेजारी दोन लहान खळगे होते, शेवाळलेले. मास्तर सरकले नाहीत.

"का रे? तुझ्या आईचे आहेत, म्हणून?" आत्या मला म्हणाली, "वीस वर्षं माझ्या शेजारी धुतलं याच्या आईने. अंगाने हलकी, पण हात भारी. तान्हा होता तेव्हा हा इथंच टोपलीत झोपायचा."

मला हे ठाऊक नव्हतं. गावात कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

"मला माहीत आहे," मास्तर हळू म्हणाले. "शाळेत पोरं मला 'फेस' म्हणायची. हेडमास्तर झालो तेव्हा कुठे ते नाव सुटलं."

मी वाटेभर त्यांच्यासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात, कळेना. आईला झाकायला माणसाने राजा आणावा, याचा राग तर होताच. पण असं लपवायला लावणाऱ्यांत आम्हीही होतो. नावं ठेवायला हे गाव कधी थकलं नाही.

मास्तरांनी त्या लहान खळग्यांतलं शेवाळ बोटाने पुसलं आणि विचारलं, "पेंटर, लाल ओळ पुसता येईल?"

"वाळलीय. खरवडावी लागेल."

"खरवडा. ठराव मी फिरवतो. मावशींना इथून कुणी उठवणार नाही."

"आणि राजा?"

"मधे जागा किती आहे?"

"दोन ओळींची."

"मग लिहा, या खुणा गावातल्या बायकांच्या..." ते थांबले. "बायकांच्या असं मोघम नको. आईचं नाव लिहा. आणि मावशींचं."

"माझं कशाला?" आत्या चादर उचलत म्हणाली. "मी अजून मेले नाही. आणि आता सरक बघू, चादर आपटायचीय. विजार भिजेल तुझी."

मास्तर सरकले नाहीत. भिजले.