कचेरीवरचा धूर

आमच्या फोटोतलं आभाळ कधीच त्या दिवसाचं नसे. डोंगर काचेवर नीट उतरावा इतका वेळ कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवलं की वरचं आभाळ पांढरंफटक पडायचं, धुतलेल्या पंचासारखं. म्हणून आमचे हे दुसऱ्या काचेवर नुसते ढग घ्यायचे आणि छापताना दोन्ही काचा एकाच कागदावर उतरवायचे. आधी आभाळ झाकून जमीन, मग जमीन झाकून आभाळ. झाकायला काळा कागद लागतो आणि तो डोंगराच्या कडेकडेने कापावा लागतो. तो मी कापायची. फोटो यांच्या नावाचा, कात्री माझी.

दोन काचांचा सांधा दिसला की आमच्या घरात अबोला. "ऊन डावीकडचं असेल तर ढगही डावीकडूनच उजळलेले हवेत," हे म्हणायचे. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण तिथंच उभे आहोत." इथवर ठीक होतं. पण गिऱ्हाईक दारात आलं की छाती पुढे काढून सांगायचे, "जसं दिसलं, तसं घेतलं." मी आत चरफडायची. बढाई मारणाऱ्याला कधी ना कधी ती गिळावी लागते, हे मी कितीदा बोलून दाखवलं होतं.

पोशेऱ्याच्या पाड्याचा फोटो असाच झाला. धुळवडीच्या सकाळी यांनी लक्ष्याचं खोपट आणि मागचा डोंगर घेतला. लक्ष्या पाड्यावर नाचणी-भात पिकवायचा आणि यांचं कॅमेऱ्याचं ओझं डोंगरदऱ्यांतून वाहायचा. त्या काचेवर अंगणात कोयता घेऊन तोच उभा होता. आभाळ मात्र आदल्या वर्षीचं, दाभोशाचं. ढगांखाली एक धुराचा लोट होता. रोपं टाकायची जागा पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. हा धूर त्या राबाचा. ऊन जुळत होतं, लोट डोंगराआडून अलगद वर चढत होता. इतका बेमालूम सांधा आम्हाला त्याआधी साधला नव्हता. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? यांनी मागे लिहिलं, 'पोशेरा, धुळवड', आणि तसबीर दुकानाच्या दारात टांगली.

त्याच धुळवडीला दुपारी पोशेऱ्यामागचं सागाचं रान जळालं होतं. ते ठेकेदार विठोजीशेठकडे होतं. आग त्याच्या लाकूडतोड्यांच्या चुलीतून गेली असं ठरलं असतं, तर ठेका हातचा गेला असता. शेठने दारातली तसबीर पाहिली, थबकला आणि घासाघीस न करता घेऊन गेला. यांना वाटलं, कलेची कदर झाली. आठवडाभरात लक्ष्याला दोरीने बांधून जव्हारात आणलं.

कचेरीत यांना साक्षीला बोलावलं. "तू घरी थांब," हे म्हणाले. मी थांबले नाही. काचांची पेटी, कागद, कात्री आणि छापायची चौकट घेऊन मागोमाग गेले आणि ओसरीत खिडकीखाली बसले. तिथं लक्ष्याची बायको रुपी आधीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाय," ती म्हणाली, "तुमच्या फोटूनं माझा माणूस खाल्ला."

माझ्या हातातली कात्री मी पदराखाली लपवली.

आत न्यायाधीशसाहेब लक्ष्याला विचारत होते, "त्या सकाळी तू राब पेटवलास. त्याचीच आग रानात गेली. कबूल?"

"नाय साहेब. गावदेवाचा नारळ फुटल्याबिगर आमच्या पाड्यावर राब पेटत नाय. त्यो नारळ त्या दिसापावत फुटला नवता."

"मग हा धूर कसला?"

लक्ष्याने तसबिरीकडे बघितलं. खोपट त्याचं, अंगण त्याचं, अंगणात उभा तोच, आणि मागे धूर. "मना ठाव नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बसला होता की स्वतःच्या डोळ्यांवरचाही त्याचा विश्वास उडाला असावा.

तेवढ्यात यांचा आवाज आला. "साहेब, हा धूर त्या दिवसाचा नाही. पोशेऱ्याचाही नाही. हा फोटो दोन काचांचा आहे."

शेठ हसला. "दिघे, तुम्ही तर गावभर सांगत होता, जसं दिसलं तसं!"

साहेबांनी भिंग मागवलं. "सांधा दाखवा."

यांनी बोट ठेवलं. साहेबांनी पाहिलं, कारकुनाने पाहिलं, शेठच्या वकिलाने पाहिलं. कोणालाच काही दिसेना. दिसावा कसा? तो दिसू नये म्हणूनच तर आम्ही दोघांनी डोळे फोडून घेतले होते. मी खिडकीतून दिलेली आभाळाची काच यांनी पुढे केली, तर वकील म्हणाला, "ही काच फोटोवरून नंतर केली नसेल कशावरून? गड्यावर जीव जडलाय यांचा."

साहेब म्हणाले, "दिघे, असं जोडता येतं, हे माझ्यासमोर करून दाखवा. जोड दिसला तर तुमची साक्ष खोटी धरीन आणि लक्ष्या तुरुंगात जाईल. मी जेवायला उठेपर्यंत वेळ आहे."

हे बाहेर आले ते घामाघूम होऊन. "जमिनीची काच कुठली आणू? घरी जाऊन येण्यात ऊन जाईल." वर वळिवाचे ढग जमायला लागले होते आणि आमचा कागद उन्हाशिवाय छापत नाही.

मी पेटीतून काच काढली. दसऱ्याला यांनी हीच कचेरी घेतली होती. पुढचं आवार, वर कौलं, त्यावर कोरं आभाळ.

"यावर?" हे घाबरले.

"यावरच."

त्यांनी काच उन्हाकडे धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "हिच्यावर ऊन उजवीकडून आहे. धुरावर डावीकडून. जमणार नाही गं, कोणीही ओळखेल."

"मग धुराची काच उलटी धरा."

"उलटी धरली तर चित्र मऊ, पुसट होईल."

"धूर मऊच असतो!" मी ओरडलेच. शिपाई बघायला लागले. कचेरीच्या आवारात बाईमाणसाने नवऱ्यावर ओरडावं, हे जव्हाराने तोवर पाहिलं नसेल.

मी कौलांच्या कडेने काळा कागद कापायला बसले. कागद सरकत होता. रुपी पुढे आली आणि तिनं कागदाची दोन टोकं घट्ट दाबून धरली. साहेब ओसरीत खुर्ची टाकून बसले, डोळ्यांत तेल घालून. आधी कचेरी छापली. मग ती झाकून, काच उलटी करून आभाळ लावलं आणि चौकट उन्हात धरली. काळा कागद एका जागी ठेवला तर कड सुरीने कापल्यासारखी उमटते, म्हणून हे तो किंचित हलता ठेवत होते. निम्मं झालं आणि ऊन गेलं.

आम्ही उभेच. आत भांड्यांचा आवाज झाला, साहेबांचं पान मांडत होते. शेठ घड्याळ काढून बघत होता. रुपी आभाळाकडे बघून पुटपुटत होती, गावदेवाला हाक मारत असावी. मीही तिच्याच देवाला हाक मारली. माझे सुचलेच नाहीत.

साहेब उठले. त्याच वेळी ढगाची कड सरकली आणि चौकटीवर ऊन पडलं. साहेब दारात थांबले. देव भलं करो त्यांचं, दोन घास त्यांनी थांबवले.

सावलीत नेऊन यांनी कागद उघडला. तांबूस कागदावर कचेरी होती, आणि तिच्या कौलांमागून धुराचा दाट लोट वर चढत होता. शेजारी उभ्या शिपायाने तो पाहिला आणि दचकून खरोखरच मान वळवून छपराकडे बघितलं.

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "सोडा त्याला," ते म्हणाले. "आणि दिघे, यापुढे तुमची तसबीर माझ्या कचेरीत पुरावा म्हणून यायची नाही. तुमचा शब्दही मी दोनदा तपासून घेईन."

यांनी मान खाली घातली. रुपी धावत लक्ष्याकडे गेली.

मी काचा पुसत होते तेव्हा विठोजीशेठ जवळ आला. हरलेला माणूस वाटत नव्हता. यांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, गोड आवाजात म्हणाला, "दिघे, हात सोन्याचा आहे तुमचा. जामसरकडे माझं दुसरं रान आहे. मधे एक पाडा येतो. त्याच्या मागे एवढा धूर घालाल? साहेबांना नाही दाखवायचा. नुसता पाड्यावरच्यांना दाखवीन, म्हणजे लक्ष्यासारखं बांधून नेतील या भीतीने माणसं आपणहून पाडा सोडून उठतील."

मी यांच्याकडे पाहिलं. हे चिडतील, निदान नाही तरी म्हणतील. हे डोळे बारीक करून विचार करत होते.

"पाड्यावर ऊन कुठल्या बाजूचं असतं?" यांनी विचारलं.

यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी देवासमोर सांगेन. पैशाचा मोह तर त्यांना कधीच नव्हता. ती नुसती सवय होती, आणि मला त्या सवयीचीच भीती वाटली. मी धुराची काच उचलली आणि कचेरीच्या पायरीवर आपटली.

हे भानावर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. शेठ निघून गेला. मनगटांवर दोरीचे वळ घेऊन लक्ष्या खाली बसला आणि एकेक तुकडा वेचून टोपीत टाकू लागला.

"राहू दे रे," मी म्हटलं.

"नाय बाय," तो म्हणाला. "हितं आमची मानसं अनवानी येतात."