भिंतीपलीकडचे पंखे

"आवाजावर विसंबू नकोस गं," मुलाच्या कॉम्प्युटरचं जुनं ग्राफिक्स कार्ड माझ्या हातात देताना आमच्या ओळखीच्या काकू म्हणाल्या होत्या. मी "हो हो" म्हटलं आणि जिना उतरेपर्यंत विसरूनही गेले. कडेवर छकुली कुरकुरत होती, आणि मला वाटलं, जुनी वस्तू विकणारं माणूस सांगतं तसंच काहीतरी त्या सांगताहेत: त्याच्यावरचे पंखे फिरतायत म्हणजे कार्ड गार आहेच असं नाही, तापमान बघत जा.

कार्ड धाकट्या भाऊजींसाठी होतं. शिक्षण संपलं, नोकरी लागेना, म्हणून माझे हे दीर आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिन स्वतःच टोचून घेतात, पण एकदा खेळायला बसले की ताट गार होईपर्यंत उठत नाहीत. साखर उतरली की बोलता बोलता गप्प होतात आणि कोसळतात. सासूबाईंनी त्यांना पाठवताना मला एवढंच सांगितलं होतं, "त्याच्याकडे तेवढं लक्ष असू दे." लक्ष ठेवणं हा माझा स्वभावच. छकुली झोपली तरी तिच्या नाकापुढे बोट धरून बघणारी बाई मी.

कार्ड बसवलं त्या दिवशी भाऊजींनी मला शेजारी बसवून त्याची परीक्षाच घेतली. आधी टॉर्च लावून जाळीतली धूळ बघितली, हुंगून जळका वास येतो का ते बघितलं. चार स्क्रूंपैकी एक पितळी होता, बाकीचे काळे. "कुणीतरी उघडलं होतं हे," ते म्हणाले. मग एक नवा खेळ लावला. पडद्यावर ओसाड माळ, वाऱ्यानं हलणारं गवत.

"सगळं जास्तीत जास्तवर ठेवलं तर धापा टाकतंय. आता बघ वहिनी, सावल्या कमी करतो." गवताखालच्या सावल्या पुसट झाल्या आणि चित्र लोण्यासारखं सरकू लागलं. "सेकंदाला साठ फ्रेम! म्हातारं आहे, पण जिने चढतंय."

"तुमच्या दादापेक्षा बरं म्हणायचं," मी म्हटलं.

"ऐकतोय मी," आतून नवरा ओरडला.

"एकच खोट आहे," भाऊजी म्हणाले. "तापतंय जरा जास्त. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली असणार. कधीतरी उघडून नवी लावतो."

तेव्हापासून त्या पंख्यांचा आवाज आमच्या घरात राहायला आला. भाऊजी कानाला हेडफोन लावून खेळत, त्यामुळे भिंतीतून यायची ती फक्त पंख्यांची घरघर. खेळ रंगात आला की चढायची, थांबला की उतरायची. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना मला कळायचं, आता पळतायत, आता पाणी प्यायला थांबले. दर थोड्या वेळानं दार उघडून डोकावणं मी हळूहळू सोडून दिलं. त्यांनाही बरं वाटलं. नवरा म्हणाला, "चला, चौकीदारीण रिटायर झाली."

आणि छकुली तर त्या आवाजाला बांधली गेली होती. पंखे सुरू झाले की पाळण्यात पडल्या पडल्या डोळे मिटायची. बंद झाले की दचकून रडायची. घड्याळाचा काटा चुकेल, पण ही चुकायची नाही.

एक दुपार होती. नवरा कामावर, भाऊजी खोलीत. मी भाजी चिरत होते आणि भिंतीपलीकडे घरघर छान लागली होती. चढत होती, उतरत होती. मनात म्हटलं, आज खेळ रंगलाय. छकुलीला पाळण्यात टाकलं, तर ती रडायला लागली. दूध झालं होतं, लंगोट कोरडा होता, अंग गार होतं. थोपटलं, फिरवलं, भिंतीजवळ नेऊन उभी राहिले. "ऐक, ऐक, काकाचा भुंगा ऐक." ती माझ्या तोंडाकडे बघत आणखीच किंचाळली. जणू मी नसलेल्या माणसाशी बोलत होते.

मी भिंतीला कान लावला. माझ्या कानाला भिंत थरथरतानासुद्धा जाणवली. छकुलीचा तळहात धरून तिथेच टेकवला, तर तो तिनं झटक्यात मागे घेतला नाही, काही नाही. तिला तिथे काहीच लागत नव्हतं. फक्त भिंत.

तिला आवाज येत नव्हता.

"भाऊजी!" मी दार ढकललं. ढकलेपर्यंत घरघर माझ्या कानात होती. दार उघडलं आणि खोलीत इतकी शांतता होती की माझाच श्वास मला मोठा वाटला. पडदा काळा. कॉम्प्युटरची एक बाजू उघडी. कार्ड टेबलावर वर्तमानपत्रावर उताणं पडलेलं, त्याचे दोन्ही पंखे सोडवून बाजूला ठेवलेले, पितळी स्क्रू बशीत. आणि पलंग न् टेबलाच्या मधल्या फटीत भाऊजी, घामानं निथळत, डोळे अर्धे उघडे.

फ्रीजमधलं साखर चढवणारं आणीबाणीचं इंजेक्शन कसं द्यायचं ते त्यांनीच मला शिकवलं होतं. मी ते दिलं. अॅम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

भाऊजी शुद्धीवर आल्यावर मी पहिलं तेच विचारलं, "पंखे कधी सोडवलेत?"

"तू भाजी घेऊन बसलीस ना, त्याच्या आधीच. का गं?"

घरी आल्यावर काकूंना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं,

"दार उघडलंस ना वेळेवर?"

"उघडलं."

"मी नाही उघडलं गं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे लाईट नव्हती. फ्रीजसुद्धा बंद. आणि मी आपली बाहेर बसून ऐकत होते, खेळतोय माझा मुलगा, खेळू दे म्हणून. घरात लाईटच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग आम्हाला का दिलंत?"

"कपाटात ठेवलं तरी ऐकू यायचं. आणि तुझ्या कडेवर पोर होती. वाटलं, ही उघडून बघेल."

नवऱ्याच्या मते मी थकले होते आणि काकू मुलगा गेल्याच्या दुःखानं खचल्या आहेत. असेल. पण माझ्या हट्टापायी त्यानं ते कार्ड दुकानात देऊन दुसरं आणलं. दुकानदारानं चालवून बघितलं आणि म्हणाला, "ठणठणीत आहे, लगेच जाईल." गेलंच. कुणाकडे, ते त्याला आठवत नाही. मी दोनदा जाऊन विचारलं.

म्हणून हे लिहितेय. तीन काळे आणि एक पितळी स्क्रू असलेलं जुनं कार्ड तुमच्या घरी आलं असेल, आणि आत्ता हे वाचताना बंद दाराआड कुणीतरी खेळत असल्याचा आवाज येत असेल, तर हाक मारून थांबू नका. उठा, दार उघडा आणि त्याचा चेहरा बघून या.