हाफटाइमपर्यंत हरायचं

मी प्रोजेक्टर आहे, कळव्याच्या गावठाणातल्या कबड्डी मंडळाचा. स्वतःची टिमकी वाजवायची नाही, म्हणून एवढंच सांगतो: या मंडळाच्या पोरी आजवर जेवढ्या रडल्या, त्यातलं निम्मं रडणं माझ्यामुळे. उरलेलं मॅच हरल्यामुळे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्ध आली ती ठाण्यातल्या एका क्लासमध्ये. तिथे मी भिंतीवर बेडकाची पचनसंस्था दाखवायचो आणि समोरची मुलं डुलक्या काढायची. पुढे क्लासवाल्यांनी भलामोठा टीव्ही घेतला आणि मी कोपऱ्यात गेलो. तिथून मला उचललं भिवाकाकांनी. काका मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या भातशेतीच्या जागी आता बिल्डिंग उभी आहे, पण चालणं अजून जुन्या खेळाडूचं, छाती पुढे काढून. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं आणि माझ्यासमोर नारळ फोडला. नारळाचं पाणी थेट माझ्या अंगात गेलं. तेव्हापासून माझा आवाज जरा घोगरा आहे.

मंडळाचा रिवाज असा, की मॅचच्या आदल्या संध्याकाळी पोरींना समाजमंदिरात बसवून खेळाचा सिनेमा दाखवायचा. म्हणजे अंगात जोश येतो. सिनेमे वेगवेगळे असायचे म्हणे. मला विचाराल तर एकच असायचा. एक गरीब टीम, तिचे फाटके बूट, आणि तिला हसणारी एक श्रीमंत टीम. हाफटाइमपर्यंत गरिबांनी सडकून मार खायचा. मग कोच भाषण करणार, मागे व्हायोलिन रडणार, आणि शेवटच्या सेकंदाला विजय. टीममधल्या कल्पिताची आई शालू वाल सोलता सोलता पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, "गं बाय, जिकली गं पोरं."

इथवर ठीक होतं. पण आमचा कोच धनेश सिनेमा बघत नसे, तो शिकत असे. जिंकणारा आधी मागे पडतो, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे कल्पिता, म्हणजे टीममधली सगळ्यात भारी चढाई करणारी पोर, पहिल्या हाफमध्ये बाकावर. "हुकमाचा एक्का लगेच टाकायचा नसतो," धनेश म्हणायचा. पोरी रीतसर मागे पडायच्या. मग हाफटाइमला तो भाषण द्यायचा, मध्येच थांबून आभाळाकडे बघायचा. पोरींना हुंदके फुटायचे. कल्पिता वाघिणीसारखी आत जायची, गुणांवर गुण आणायची, आणि आधी घालवलेले थोडेसे गुण कमी पडून आम्ही घरी यायचो. भाषण मात्र दरवेळी झकास व्हायचं.

या वर्षी गोष्ट गळ्याशी आली. संध्याकाळी गावचं मैदान बॉक्स क्रिकेटवाल्यांना हवं होतं. "पोरी हरतातच, मग मैदान कशाला अडवायचं?" बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. भिवाकाकांनी कसंबसं एवढं मान्य करून घेतलं, की खडवलीच्या स्पर्धेत पोरींनी निदान एक मॅच जिंकली तर संध्याकाळ त्यांची. नाहीतर पोरींची कबड्डी बंद.

आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे कामाला लागलो. गरीब टीम हरत होती. त्यांच्या कोचने भाषणासाठी तोंड उघडलं आणि माझा बल्ब गेला. धनेशने मला थोपटलं, मग चापट मारली. मी गेलो तो गेलोच.

"आता पुढं?" शालूने विचारलं.

"पुढं काय, जिंकणार. दरवेळी जिंकतात," रसिका म्हणाली. ही टीमची पकड करणारी, दांडगी पोर.

"मग आपण का नाय जिंकत?" कल्पिता म्हणाली.  मग ती धनेशकडे वळली, "दादा, उद्या मी पहिल्या चढाईपासून जाणार."

"अगं, मग हाफटाइमला मी काय बोलू?"

"काय नको बोलू. पाणी दे."

धनेशचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, त्याने भाषण खरंच मेहनतीने बसवलं होतं.

बल्ब नसला तरी काकांनी मला खडवलीला नेलं. "शकुनाचा हाय तो," म्हणाले आणि मॅचभर मांडीवर घेऊन बसले. कल्पिता पहिल्यापासून खेळली आणि हाफटाइमला आम्ही चांगले पुढे होतो. आता काय करायचं ते कुणालाच कळेना. धनेश पाणी वाटत होता, मध्येच तोंड उघडून मिटत होता. रसिका चिक्की खात खात खिदळत होती.

पलीकडे समोरच्या टीमच्या, खडवलीच्याच पोरी गोल बसल्या होत्या. त्यांच्या कोच शालनबाई गुडघ्यावर बसून काहीतरी सांगत होत्या. शब्द ऐकू आले नाहीत, पण प्रसंग मी ओळखला. अरे देवा, म्हणजे हसणारी श्रीमंत टीम आम्हीच!

मग व्हायचं तेच झालं. श्रिया नावाची त्यांची एक हडकुळी पोर आमच्यावर तुटून पडली. खोटं कशाला बोलू, माझं मन तिच्याकडे ओढलं जाऊ लागलं. सवयच ती. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. श्रिया आली, रसिकाला शिवून मागे वळली आणि कल्पिताने तिचा घोटा धरला. तिची बोटं मध्यरेषेपर्यंत पोचली नाहीत. शिट्टी झाली आणि आम्ही जिंकलो. मैदान वाचलं.

काका आनंदाने उठले आणि मी मांडीवरून खाली धुळीत पडलो, भिंगाचं तोंड दुसऱ्या बाजूला. आमच्या पोरी नाचत होत्या, ते मला दिसलंच नाही. दिसली श्रिया. गुडघ्याला लागलेली माती खरवडत ती एकटी बसली होती. शालनबाई सगळ्यांच्या चपला गोळा करत होत्या.  श्रियाचे वडील स्कूटर घेऊन आले आणि नुसतं "चल" म्हणाले. इतकी वर्षं मी हरणाऱ्यांच्या गोष्टी दाखवतो असं समजत होतो. हरलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

स्कूटर सुरू होणार एवढ्यात नाचातून निसटून कल्पिता धावत आली. "तुझी चढाई लय भारी हाय. रविवारी आमच्याकडं ये ना खेळायला," ती म्हणाली. श्रियाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी स्कूटर सुरू केली.

सध्या मी समाजमंदिरातल्या कपाटावर आहे. माझा बल्ब आता कुठे मिळत नाही म्हणतात. त्याचं मला फार दुःख नाही. खिडकीतून मैदान दिसतं, आणि तिथे आमच्या पोरी रोज संध्याकाळी खेळतात. श्रिया अजून आलेली नाही. तुमच्यापैकी कुणी खडवलीकडे जाणार असेल, तर तिच्या वडिलांना माझा एवढा निरोप द्या, की दर रविवारी कल्पिता खेळ सुरू करण्याआधी थोडा वेळ थांबते आणि रस्त्याकडे बघते.